‘अधीन असा’ हे कोण कुणाला सांगतंय?

ताई, सप्रेम सलाम. लग्नाला अकरा वर्षं झाली. दोघंही नोकरी करतो, दोन मुलं आहेत. मला बढती मिळते आहे आणि आता माझा पगार यांच्यापेक्षा जास्त होईल. ते कळल्यापासून घरात शांतता नाही. “मी कुटुंबाचं मस्तक आहे, शास्त्र सांगतं अधीन राहा, नोकरी सोड,” असं हे म्हणतात. पाळकसाहेबांकडे गेले, तर त्यांनीही बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला, प्रार्थना केली आणि मला घरी पाठवलं. हे मारत नाहीत, पण आठ-आठ दिवस बोलत नाहीत. रागाच्या भरात मीही एकदा “तुमच्या पगारात घर चालतं का?” असं बोलून गेले. परवा आठ वर्षांच्या मुलीनं विचारलं, “आई, देवाला बाबा जास्त आवडतात का?” मी नोकरी सोडली नाही, तर देवाची आज्ञा मोडते का? महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे.
– एक गोंधळलेली बहीण

प्रिय बहिणी,

नाही. बढती घेतलीस तर देवाची कुठलीही आज्ञा मोडत नाहीस. पुढचं सगळं सावकाश वाचलंस तरी चालेल, पण हे आज वाच आणि आज रात्री झोप.

आता तो अध्याय. तू तो इतक्या वेळा ऐकला आहेस की कदाचित पुन्हा उघडायची इच्छाच उरली नसेल. तरी उघड, आणि बाविसाव्या वचनाऐवजी एकविसाव्यापासून वाच. तिथे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल साऱ्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, सांगतो, की ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या! त्यानंतर ‘स्त्रियांनो, आपल्या पतीच्या अधीन असा’ येतं. सगळ्यात जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत तर बाविसाव्या वचनात ‘अधीन असा’ हे क्रियापदच नाही, ते आधीच्या वचनातून ओढून घ्यावं लागतं. म्हणजे बायकांना सांगितलेलं आणि सगळ्यांना सांगितलेलं एकाच वाक्याच्या धाग्यात आहे. तुझ्या घरात तो धागा तोडून अर्धं वाक्य वापरलं जातं आहे.

आणि ते वाक्य कुणाला उद्देशून आहे ते बघ. पौल ‘पतींनो, आपल्या बायकांना अधीन ठेवा’ असं लिहीत नाही. तो बायकांशी स्वतः बोलतो. त्या काळच्या जगात ही लहान गोष्ट नव्हती. घर कसं चालवावं याबद्दल ॲरिस्टॉटलने जे लिहिलं आहे त्यात बोलणं घराच्या धन्याशी आहे; बायको, मुलं, गुलाम ही त्याने सांभाळायची माणसं. पौल मात्र बायकांना, मुलांना, दासांना थेट हाक मारतो, कारण तो त्यांना स्वतःचा विवेक असलेली माणसं मानतो. म्हणून अधीनता ही तू देण्याची गोष्ट आहे, कुणी वसूल करण्याची नाही. तुझा नवरा ते वचन तुला वाचून दाखवतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या नावाने आलेलं पत्र वाचत असतो. त्याच्या नावाचं पत्र पंचविसाव्या वचनापासून सुरू होतं, आणि ते बरंच लांब आहे. ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी तुम्ही आपल्या पत्नीवर प्रीती करा, असं त्यात आहे. ‘मस्तक’ शब्दाचा अर्थ पौल तिथे असा उलगडतो. आज्ञा कुणी द्यायची याबद्दल नवऱ्याला त्यात एक शब्दही सापडणार नाही. आपल्या शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचं उदाहरण पुढे ठेवून कुणी बायकोला ‘नोकरी सोड’ असं फर्मान कसं काढू शकतो, हे मला खरंच कळत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यावर सगळ्या ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही. पती कुटुंबाचा पुढारी आहे असं मनापासून मानणाऱ्या मंडळ्या आहेत. पतिपत्नी पूर्ण समान आणि पुढारीपण दोघांचं, असं मानणाऱ्याही आहेत. ‘मस्तक’साठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द अधिकार सांगतो की उगम, यावर अभ्यासक अजून भांडतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1988 साली स्त्रीच्या प्रतिष्ठेवर लिहिलेल्या पत्रात याच अध्यायातली अधीनता परस्परांची आहे असं स्पष्ट म्हटलं. माझं मत तू ओळखलंच असशील. पण तुझे पाळकसाहेब पहिल्या मताचे असले, तरी त्या मताने पाहूनही तुझ्या नवऱ्याचं वागणं बसत नाही. आठ-आठ दिवस अबोला धरणं हे पुढारीपण नव्हे, शिक्षा आहे. पतींनी पत्नीला आपल्याबरोबर जीवनाच्या कृपेची वारस मानून मान द्यावा, नाहीतर त्यांच्याच प्रार्थनांना अडथळा येईल, असं येशूचा शिष्य पेत्र आपल्या पत्रात लिहितो. हा इशारा नवऱ्यांना आहे. पाळकसाहेबांना विचार, की हे वचन त्यांनी तुझ्या नवऱ्याला कधी वाचून दाखवलं का. नम्रपणे विचार, पण विचार. जाताना पाळकीणबाईंनाही बसायला सांग.

आता कमाईचं. मला वाटतं सगळी ठिणगी इथे आहे आणि शास्त्र नंतर आणलं गेलं. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली सद्गुणी स्त्री लग्नाच्या उपासनेत हमखास वाचतात, पण ती काय करते ते कुणी नीट ऐकत नाही. ती शेत पाहून विकत घेते. स्वतःच्या मिळकतीतून द्राक्षमळा लावते. आपला माल व्यापाऱ्यांना विकते. आणि तिचा नवरा? तो वेशीत वडीलमंडळींत बसतो, लोक त्याला ओळखतात, तो तिची स्तुती करतो. तिच्या कमाईने त्याची मान खाली गेली असं तिथे कुठेही नाही. नव्या करारात लुदिया जांभळी वस्त्रं विकते आणि पौलाला आपल्या घरी उतरवते. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपं मिळून तंबू करण्याचा धंदा करतं आणि अपुल्लोसासारख्या विद्वान उपदेशकाला दोघं मिळून घरी नेऊन शिकवतं. त्यांची नावं सहा वेळा येतात, त्यातल्या चार वेळा बायकोचं नाव आधी. अक्विल्लाने त्यावरून तक्रार केल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

आज्ञा मोडण्याची भीती तुझ्या मनात फार खोल आहे, म्हणून नव्या करारातल्या सप्पीरेची गोष्टही आठवून देते. तिच्या नवऱ्याने, हनन्याने, जमीन विकून आलेले काही पैसे मागे ठेवले आणि सगळे दिले असं मंडळीला भासवलं, हे तिला माहीत होतं. तिने नवऱ्याचीच री ओढली. सुमारे तीन तासांनी ती आत आली तेव्हा पेत्राने तिला वेगळा प्रश्न विचारला आणि तिच्याकडून तिचं उत्तर मागितलं. ‘नवऱ्याने सांगितलं’ हे उत्तर पुरलं नसतं; त्या खोट्यापायी तिचाही जीव गेला. उलट अब्राहामाला देव सांगतो, तुझी बायको सारा जे सांगते ते ऐक. देवासमोर तू तुझ्या नावाने उभी आहेस. तुझ्या कामाचा, तुझ्या देणगीचा हिशेब तुलाच द्यायचा आहे.

पण बहिणी, ते ‘तुमच्या पगारात घर चालतं का’ तुझं वाक्य आहे, आणि ते मला टोचलं. तूच ते लिहून पाठवलंस, म्हणजे तुलाही टोचत असणार. नवऱ्याच्या वागण्याला ते सबब होत नाही, तरी त्या वाक्याची क्षमा माग. फक्त त्या वाक्याची, बढतीची नाही. दोन्ही एकत्र करू नकोस, नाहीतर क्षमा मागता मागता राजीनामा देऊन बसशील. माझ्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. पैशावरून बोललेलं वाक्य किती वर्षं घरात हिंडत राहतं ते मी पाहिलं आहे. काढून टाकलेलं बरं.

मग त्याला विचार, मी जास्त कमावले तर तुला नेमकं काय गमवावं लागेल असं वाटतं? आणि तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐक. कदाचित त्याच्या वडिलांनी, त्याच्या मित्रांनी, उपासनेनंतर टोमणे मारणाऱ्या कुणीतरी त्याला घाबरवून ठेवलं असेल. भीतीवर तुम्ही दोघं मिळून प्रार्थना करू शकता. फर्मानावर करता येत नाही. घरकाम, मुलांना आणणं-सोडणं, पैशाचा हिशेब यांची नवी वाटणीही त्याच बैठकीत ठरवा. बढतीने तुझं काम वाढणार आहे आणि ते ओझं एकट्या तुझ्यावर पडलं, तर वर्षभरात तू थकून स्वतःच सोडशील.

महिनाअखेर तो बोलायलाच तयार नसेल, तरी कार्यालयात होकार कळव आणि त्याला ते स्वतः सांग. लपवू नकोस. अबोल्याच्या जागी धमकी आली, पगार काढून घेणं आलं किंवा हात उगारला गेला, तर मात्र आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा आणि विश्वासातल्या माणसाला सांग. तशा घरात परत जा असं कुणीही, पाळकानेही, वचन वाचून तुला सांगू शकत नाही.

राहिला तुझ्या लेकीचा प्रश्न. मी तो दोनदा वाचला. तुम्ही दोघं भांडता तेव्हा ती देवाबद्दल शिकते आहे. उत्पत्तीचा पहिला अध्याय, सत्ताविसावं वचन काढ. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, नर व नारी अशी ती निर्माण केली, एवढंच तिच्याकडून मोठ्याने वाचून घे आणि ‘नारी’ म्हणजे तूसुद्धा, असं तिला सांग. बाबा घरी असतील अशा वेळी वाच. त्यांना बोलाव, आले तर जवळ बसव, नाही आले तर दार उघडं ठेव.

तुझी,
ताई