गिळायला त्रास असलेल्यांसाठी दिवाळीचं ताट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांना पक्षाघातानंतर गिळायला त्रास आहे, स्पीच थेरपिस्टने लेव्हल ४ म्हणजे एकजीव, चावावं न लागणारं अन्न सांगितलंय आणि सासूबाई म्हणताहेत, 'सणाचा एक लाडू तरी तोंडात घालू दे.' माझ्या आईचं खाणंपिणं गेली काही वर्षं मी असंच सांभाळते आहे, त्या अनुभवावरून लिहिते. ठरलेली लेव्हल सणापुरतीही बदलायची नाही, हे मात्र आधी पक्कं करा.

लाडू नको. गिळण्याच्या दृष्टीने फराळासारखं अवघड काही नाही. चिवडा, चकली, शेव, शंकरपाळी, अनारसे, सगळं एक तर कोरडं आणि भुरभुरीत, नाहीतर चिवट. बेसनाचा लाडू मऊ वाटतो खरा, पण तोंडात त्याचा भुगा होतो आणि तो गोळा करून मागे न्यायला जीभ आणि लाळ दोन्हींची नीट साथ लागते. चहात बुडवून देणं हाही उपाय नाही. मऊ तुकडा आणि पातळ चहा एकाच घासात आले की गिळण्याची क्रिया सुरू व्हायच्या आतच चहा घशात उतरतो. शेवयांची खीर, सुकामेवा घातलेली बासुंदी यांचंही तेच.

मी पदार्थ सोडते आणि चव ठेवते. बेसन तुपावर खमंग भाजायचं, गरम दूध थोडं थोडं घालत गुठळ्या मोडायच्या, साखर आणि वेलचीची बारीक पूड घालून शिजवायचं आणि गाळणीतून काढायचं. घरभर वास लाडवाचाच येतो. करंजीच्या चवीसाठी ओला नारळ कितीही वाटला तरी चोथा राहतो, म्हणून नारळाचं घट्ट दूध आणि गूळ तांदळाच्या पिठीवर शिजवा. चिवड्याची फोडणी तुपात करा, गाळून घ्या आणि ते तूप दुधात सैल केलेल्या बटाट्यावर घाला. बटाटा मिक्सरला लावू नका, त्याचा गोंद होतो; पुरणयंत्रातून काढा. कुरकुरीतपणाला पर्याय नाही. तो शोधत बसू नका.

पाडव्याचं जेवण त्या मानाने सोपं. श्रीखंड तर जणू याच कामासाठी केलंय! फक्त चारोळी, बदाम, पिस्त्यांचे काप नकोत आणि वाढण्याआधी एकदा घोटा, कारण ठेवलं की पाणी सुटतं आणि ते सुटं पाणीच ठसक्याला कारण होतं. पुरण यंत्रातून काढल्यावर बारीक चाळणीतून परत काढा, कोमट दूध आणि तूप घालून सैल करा. पोळी नाही. वरणभात द्यायचा तर दोन्ही एकत्र घोटून गाळलेला. पातळ करायला साधं पाणी कशाला? भाजीला तिचंच शिजवलेलं पाणी, गोडाला दूध, म्हणजे चव पुचाट होत नाही.

हे सगळे पदार्थ गार होताना आळतात. चुलीवर बरोबर वाटलेलं पुरण ताटात येईपर्यंत चिकट होतं. म्हणून परीक्षा वाढताना घ्यायची. काट्यावर घेतलं तर ढीग राहिला पाहिजे, खाली धार लागता कामा नये. चमचा तिरका केला की सगळा घास एकदम सुटून पडला पाहिजे. चमच्याला चिकटून राहिला तर अजून सैल करा. आणि वाटी लहान घ्या. चमच्याबरोबर लाळ वाटीत जाते, लाळेने पिठूळ पदार्थ फुटतो आणि शेवटचे घास नकळत पातळ होतात.

सगळं एकत्र कालवून एक राखाडी लगदा करू नका, ही माझी कळकळीची विनंती. डाव्या-उजव्या बाजूसकट ताट वाढा: चटणी म्हणून गाळलेली कोथिंबीर-दही, भोपळ्याची घोटलेली भाजी, मध्ये भात, कडेला श्रीखंड. रंग वेगळे, चवी वेगळ्या. तिखट बेताचं, कारण ठसका नको.

पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर माणूस दमलेला असतो. लगेच फराळाला बसवू नका, आधी थोडी विश्रांती. झोपाळलेल्याला भरवायचंच नाही. जेवताना पाठ सरळ, जेवणानंतर किमान अर्धा तास बसूनच. पक्षाघाताच्या बाजूच्या गालात घास साठतो, तो बघा आणि शेवटी तोंड स्वच्छ करा. तोंडातले जंतू फुप्फुसात गेले की न्यूमोनियाची भीती वाढते. पाहुण्यांच्या पंक्तीत हसताबोलताना घास चुकतो, म्हणून आधी शांतपणे जेवू घाला, मग पंक्तीत नुसतं बसू दे. खरी धास्ती भाऊबीजेला आलेल्या प्रेमळ नातेवाइकांची. 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणत कुणीतरी हातावर चकली ठेवतं. दारातच स्पष्ट सांगा, भिडेला पडू नका.

खोकला आला नाही म्हणजे सगळं नीट उतरलं असं नाही. पक्षाघातानंतर काहींना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येत नाही. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता झाला तर भरवणं थांबवा. धाप लागली किंवा एकदोन दिवसांत ताप आला तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. दिवाळीत बरेच दवाखाने बंद असतात, तेव्हा कुठे जायचं आणि कुणाला फोन करायचा ते धनत्रयोदशीच्या आधीच डॉक्टरांना फोन करून विचारून ठेवा. त्याच फोनमध्ये त्यांच्या कोणत्या गोळ्या कुटून श्रीखंडातून देता येतील हेही विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात.