सभासदांची टेक्स्ट फाइल डेटाबेसमध्ये भरताना स्क्रिप्ट मध्येच थांबते

प्रश्न: वांद्र्यातल्या आमच्या संस्थेची सभासद यादी टॅबवाल्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे, चारेक हजार ओळी. पीएचपी स्क्रिप्टने मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये भरतोय. मध्येच एरर येते. पुन्हा चालवली की आधीच्या नोंदी दुबार. काय चुकतंय?

उत्तर: एरर काय येते ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण वांद्र्याची यादी म्हटल्यावर माझा पहिला संशय डिसोझांवर. डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा. इंग्रजीत यांच्या नावात ‘डी’नंतर सिंगल कोट असतो. तुमची स्क्रिप्ट नाव थेट इन्सर्टच्या (नोंद भरायच्या आज्ञेच्या) वाक्यात चिकटवत असणार. कोट दिसला की मायएसक्यूएलच्या लेखी नाव तिथेच संपलं, पुढचं ‘सोझा’ त्याला आज्ञा वाटते. याच फटीतून कुणी मुद्दाम खरी आज्ञाही घुसवू शकतो, तेव्हा कोट काढून टाकून वेळ मारून नेऊ नका (माणसाचं नाव आहे ते!). पीडीओचं (पीएचपीचा डेटाबेसशी बोलायचा दुवा) प्रिपेअर, म्हणजे आज्ञेचा साचा, लूपच्या (एकेक ओळ घेणाऱ्या फेऱ्यांच्या) बाहेर एकदाच लिहा, मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हं ठेवा आणि लूपमध्ये फक्त त्या ओळीची मूल्यं देऊन एक्झिक्यूट करा.

दुबार नोंदींसाठी सभासद क्रमांकाला युनिक की (एक क्रमांक एकदाच येऊ देणारा नियम) लावा आणि अख्खी फाइल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये भरा, म्हणजे सगळं भरेल नाहीतर काहीच नाही. टेबल इनोडीबी प्रकारचं हवं. मायआयसॅम या दुसऱ्या प्रकाराला रोलबॅक (केलेलं मागे घेणं) कळतच नाही. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. एका वाचनालयाची यादी नव्याने भरताना ट्रान्झॅक्शन सुरू केलं, आत ट्रंकेटने जुनं टेबल रिकामं केलं, अर्ध्यात एरर आली, रोलबॅक केलं. टेबल कोरंच! मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट आपोआप कमिट (पक्कं) होतं, मग रोलबॅक कसला? आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून शेवटची लोकल तरी मिळाली. आता आधी कच्च्या टेबलात भरतो, ओळी फाइलशी ताडून बघतो, मग खऱ्या टेबलात.

फोनचा कॉलम व्हारकॅर (मजकुराचा प्रकार) ठेवा, नाहीतर ०२२ मधलं पहिलं शून्य जाईल. फाइल कुणी एक्सेलमध्ये उघडून ‘नीट’ केली असेल तर ते आधीच गेलं असेल आणि खोली क्रमांक ३/४ ची तारीख झाली असेल. मूळ फाइलच मागून घ्या.

कुणीतरी लोड डेटा लोकल इनफाइल (फाइल थेट टेबलात ओतणारी आज्ञा) सुचवेलच. वेगवान आहे, पण ‘लोकल’ लावलं की दुबार ओळ आली तरी ते थांबत नाही, वॉर्निंग देऊन पुढे जातं. चार हजार ओळींना इतकी घाई कशाला?

तरीही अडलं तर एरर आणि ती ओळ इथे टाका, फक्त नाव-नंबर बदलून.