हॉलची किल्ली एकटीच्याच पर्समध्ये का?

‘ताई, मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जातं ती अवस्था) आहे हे कळल्यावर आम्ही चार पालकांनी कोथरूडमध्ये गट सुरू केला. महिन्यातले दोन रविवार सोसायटीच्या हॉलमध्ये भेटतो. बाकीचे तिघं हळूहळू गळाले. गेल्या वर्षी मलाही तेच निदान झालं. परवा हॉलची किल्ली मी घरीच विसरले. पंधरा माणसं जिन्यात बसली, पाऊण तास तिथेच बोलली. गटाचे फोन मी जेवतानाही घेते, रात्री अकरालाही. नवरा म्हणतो, स्वतःचं आवरत नाही आणि गावाचं कशाला? गट बंद करू का? – एक आई’

प्रिय मैत्रिणी,

किल्लीबद्दल तुम्हाला फार लागलंय, ते पत्रातून कळतं. पण ती पंधरा माणसं घरी गेली नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. किल्ली विसरणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

मुलाच्या निदानानंतर आईला किंवा बाबांना स्वतःचं कोडं उलगडतं, असं बरेचदा होतं, कारण एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुली तर कुणाच्या लक्षातच येत नाहीत. तुमचं निदान उशिरा झालं, यात तुमची चूक नाही. आणि तारखा लक्षात ठेवणं, निरोप धाडणं, वेळेवर निघणं ही संयोजकाची कामं नेमकी तीच, जी एडीएचडीत सगळ्यात जड जातात. ती सगळी तुम्ही एकटीने ओढताय. थकणारच.

एडीएचडीसाठी काम करणारी अमेरिकेतली ‘चॅड’ ही संस्था १९८७ मध्ये फ्लोरिडात पालकांच्या अशाच एका गटातून उभी राहिली. आपल्या पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आजार असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीच चालवलंय. असे गट टिकतात ते कामं वाटून घेतल्यामुळे.

म्हणून वार आणि वेळ कायमची ठरवा, म्हणजे दर वेळी विचारणा नको. एक किल्ली वॉचमनकाकांकडे ठेवा. प्रत्येक कामाला दोन माणसं. एखादा रविवार गप्पांऐवजी कामाला द्या: ज्याचं जे तुंबलंय, शाळेचा फॉर्म, विम्याचे कागद, ते घेऊन यायचं आणि शेजारी शेजारी बसून उरकायचं. घरी तीन आठवडे न झालेला फॉर्म शेजारी कुणी बसलं की तासात होतो, हे मी पाहिलंय.

रात्री अकराचे फोन मात्र बंद. ज्यांना तेव्हा बोलायचंय त्यांना सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, तो चोवीस तास चालू असतो. आणि गटात कुणी कुणाला गोळ्या देणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. मिथाइलफेनिडेटसारखं एडीएचडीवरचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं, कायद्याचं त्यावर कडक नियंत्रण आहे. एकाला लागू पडलेला डोस दुसऱ्याला बाधू शकतो.

नवऱ्याचं बोलणं लागणारंच आहे. पण तुम्ही जेवतानाही गटाचे फोन घेता, असं लिहिलंत. ते त्यांना रोज दिसतंय. एका रविवारी त्यांना पटवायला नको, नुसतं खुर्च्या मांडायला बोलवा.

बंद करू का, याचं उत्तर आत्ता नको. पुढच्या भेटीत सांगा: महिनाभर सुट्टी, अमुक रविवारी पुन्हा भेटू, तोवर दोघांनी पुढे यावं. कुणीच आलं नाही, तर खुशाल थांबवा. पण जिन्यात पाऊण तास बसलेल्या त्या पंधरांना एकदा विचारा तरी. माझ्या मते त्यांच्यातलं कुणीतरी किल्ली मागून घेईल.

तुमची,
ताई