बिऱ्हाड हलवताना काय मागे राहतं

प्रिय दोस्ता,

तुझं मराठी शुद्धलेखन तपासनीस चालवून पाहिलं. मनापासून आवडलं. कोड कुठे ठेवू म्हणून विचारलंस. माझं मत गिटहबच्या, म्हणजे कोड ठेवायच्या त्या प्रसिद्ध संकेतस्थळाच्या, बाजूने आहे. शब्दसंग्रहाला हातभार लावणारी कॉलेजची मुलं तिथेच भेटतील. नवीन खातं काढायला लावलंस तर बरीच जण उंबऱ्यावरूनच परततील. पण तिथे बिऱ्हाड कर, कायमचं घर समजू नकोस.

गूगल कोड या अशाच एका ठिकाणी हजारो प्रकल्प सुखाने नांदत होते. मार्च २०१५मध्ये बंद होत असल्याची घोषणा झाली आणि जानेवारी २०१६मध्ये कुलूप लागलं. डिसेंबर २०१४मध्ये तर आपल्याकडेच सरकारी आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली गेली. त्यात कोड ठेवायचं सोर्सफोर्ज होतं आणि गिटहबवरचं, कोडचे छोटे तुकडे ठेवायचं गिस्टही.

कोडची काळजी मला फारशी वाटत नाही. गिट हे साधन कोडमधल्या बदलांची नोंद ठेवतं; त्या नोंदीची प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे सगळा इतिहास असतो. एका संध्याकाळीत दुसरीकडे नेता येतो. अडकतात ते इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या चुका आणि सूचना, आणि त्याखालची चर्चा. ती गिटमध्ये नसते, यजमान संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये असते.

आमचा जुना शब्दकोश एका फुकटच्या ठिकाणी होता. ते बंद झालं. कोड आणला, चर्चा वेळेत उतरवून घेतल्या नाहीत. त्यात एका शिक्षकांनी फार प्रेमाने समजावलं होतं की ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. ‘ऱ्य’ हे वेगळं जोडाक्षर आहे, टंकलेखनाची चूक नव्हे. काही महिन्यांनी एका नव्या, मेहनती मुलाने ती चूकच समजून सगळीकडे ‘र्य’ केलं. पायऱ्या, बिचाऱ्या, सुऱ्या, सगळं बिघडलं. त्याचा काय दोष? कारण लिहिलेलं पानच उरलं नव्हतं. ते शिक्षक पुन्हा आले नाहीत, याची मला आजही खंत वाटते.

म्हणून असे निर्णय कोडशेजारीच, एका साध्या मजकूर फाईलमध्ये लिहीत जा. इश्यू दर महिन्याला एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागवायच्या सोयीतून, उतरवून घे. चाचण्या गिटहब ॲक्शन्सच्या (कामं आपोआप चालवणारी गिटहबची सोय) फाईलमध्ये कोंबू नकोस. साधी स्क्रिप्ट ठेव, जी तुझ्या लॅपटॉपवरही चालेल, ॲक्शन्सने फक्त तिला हाक मारावी. कोडबर्ग या गिटहबसारख्याच ठिकाणी आरसाप्रत, म्हणजे हुबेहूब दुसरी प्रत, राहू दे. बर्लिनची ना-नफा संस्था ते चालवते, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर. जमेल तेव्हा थोडे पैसे पाठव.

आणि लोकांना पत्ता देशील तो स्वतःच्या डोमेनचा दे. डोमेनचं नूतनीकरण आणि खात्याचे मालकी हक्क तुझ्याखेरीज आणखी एकाकडे हवेत. परीक्षेच्या दिवसांत तू महिनाभर गायब असतोस, तेव्हा कुणीतरी दार उघडायला पाहिजे.

निर्णयांची फाईल रविवारपर्यंत तयार कर. पहिली नोंद दर्या आणि दऱ्यांची घाल, मी तपासून देतो.

तुझा,
दादा