झड म्हणजे मुसळधार नव्हे

'नागपूरच्या रडारवर लाल डाग दिसला की झड लागणार, असं म्हणायचं का?' असा प्रश्न आला आहे. नाही म्हणायचं. तासभर कोसळून मोकळ्या झालेल्या पावसालाही हल्ली सर्रास 'झड' म्हणतात. निदान विदर्भात तरी हे खपवून घेऊ नये. झड जोराची नसते, चिवट असते. एकदा लागली की दोन-दोन दिवस सुटत नाही.

खरी मजा व्युत्पत्तीत आहे. झड आणि झरा हे दोन्ही शब्द 'क्षर्', म्हणजे पाझरणे, या संस्कृत धातूतून काढणारे पुष्कळ आहेत. साफ चूक. हेमचंद्र या जैन आचार्याने बाराव्या शतकातच प्राकृत व्याकरणात दोघांची फारकत केली: 'क्षर्'च्या जागी झर, आणि 'शद्', म्हणजे गळून पडणे, याच्या जागी झड. र आणि ड यांची अदलाबदल होते, एवढ्यावर भागवणाऱ्यांनी ती सूत्रं एकदा उघडून पाहावीत. झड ही पानझडीची सख्खी बहीण आहे! झरण्यात अखंड धार. झडण्यात सुटे सुटे थेंब, एकामागून एक, न थांबता. चौघडे झडतात, मेजवान्या झडतात, तेही याच अर्थछटेने, असं माझं ठाम मत आहे.

रडारवरही हा फरक दिसतो. लाल डाग, समजा 50 डीबीझेडचा (डीबीझेड हे रडारकडे परतणाऱ्या संकेताच्या जोराचं माप), म्हणजे उंच वाढलेल्या गडगडाटी ढगाचा गाभा. संकेतावरून पावसाचा वेग काढणाऱ्या मार्शल-पामर सूत्राने तिथे तासाला सुमारे 49 मिमी पाऊस. पण पुढच्या काही चित्रांत तो सरकतो नाहीतर विरतो. ती सर. झडीचं चित्र पसरट, 20 ते 35 डीबीझेडचं. 30 डीबीझेड म्हणजे तासाला जेमतेम 2.7 मिमी, पण चोवीस तास टिकली तर 65 मिमी, म्हणजे हवामान खात्याच्या 'जोरदार' वर्गात.

एक फसगत मात्र ठरलेली. झडीच्या ढगात सुमारे 5 किमी उंचीवर हिमकण वितळतात. पाण्याने माखलेला मोठा कण रडारला अवाढव्य थेंबासारखा भासतो, कारण परत येणारा संकेत थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो: व्यास दुप्पट, तर संकेत 64 पट. रडारचा झोत पाच अंश वर रोखून घेतलेल्या फेरीत तो या उंचीला पोचतो तिथे, रडारभोवती साधारण 55 किमीवर ठळक कडं उमटतं. ते पाहून चौफेर मुसळधार पाऊस पडतोय असं वाटतं. खाली मात्र नुसती झड असते.