‘छान आहे’च्या पुढे काय? लिहिणाऱ्यांचे प्रश्न

यावेळी ऑनलाइन क्रिटीक ग्रुपबद्दल, म्हणजे एकमेकांचं लिखाण वाचून त्यावर सविस्तर मत (क्रिटीक) लिहिणाऱ्यांच्या ग्रुपबद्दल, इतक्या जणांनी विचारलंय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, बऱ्याच जणांनी तशी विनंतीच केली होती (बहुतेक त्यांचे ग्रुपवाले पण हे वाचतात).

प्रश्न: ताई, मी कथा लिहिते, घरातले वाचतात, मैत्रिणी वाचतात, सगळे मस्त म्हणतात. आता अनोळखी लोकांचं मत हवं म्हणून एका क्रिटीक ग्रुपमध्ये शिरलेय. सगळ्यात चांगली कथा आधी टाकू, की साधीशी एखादी टाकून अंदाज घेऊ?

उत्तर: आधी काहीच टाकू नकोस. ग्रुपचे नियम वाच, मग लोकांच्या कथा आणि त्यांच्याखालची क्रिटीकं वाच. कोण नीट वाचतं, कोण नुसतंच शेरे मारतं, नवीन माणसाशी कसं बोलतात, हे आठवड्याभरात कळतं. मग दुसऱ्याच्या दोन-तीन कथांवर मनापासून लिही आणि त्यानंतर आपली टाक.

हे मी सभ्यपणा म्हणून सांगत नाहीये, या ग्रुपांचं गाडंच त्यावर चालतं. क्रिटर्स नावाचा इंग्रजीतला सायफाय-फँटसी-भयकथावाल्यांचा ग्रुप १९९५ पासून चालू आहे, तिथे साधारण चारपैकी तीन आठवड्यांत तरी एक क्रिटीक लिहावं लागतं, नाहीतर तुमची कथा पुढे सरकत नाही. क्रिटीक सर्कल ही अशीच साइट २००३ पासून आहे, तिथे दुसऱ्यांवर लिहून क्रेडिट मिळवायचे आणि ते खर्चून आपलं टाकायचं. स्क्रिबोफाइल या साइटवर त्याच गोष्टीला कर्मा पॉइंट म्हणतात. हिशोब सगळीकडे सारखाच, कारण हा नियम नसला की सगळे आपलं टाकून पळतात आणि वाचायला कुणीच उरत नाही. आपल्याकडचे बरेच मराठी ग्रुप व्हॉट्सअ‍ॅप नाहीतर फेसबुकवर असतात, तिथे असा काही नियम नसतो म्हणून मग अंगठे आणि फुलांच्या पलीकडे गाडी जात नाही. तुझा ग्रुप तसला निघाला तर त्यातलेच नीट वाचणारे चार-पाच जण हेरून वेगळा छोटा ग्रुप कर, पाळी ठरवून घ्या, पुरे.

आणि कुठली टाकायची म्हणशील तर जिच्यात काहीतरी अडलंय पण नेमकं काय ते तुला कळत नाहीये ती. सगळ्यात आवडती कथा टाकलीस तर तू मत नाही, शाबासकी मागत असतेस, आणि ती नाही मिळाली की महिनाभर लिहिणं बंद.

प्रश्न: मी वाचक बरा आहे पण मला काही साहित्यशास्त्र वगैरे येत नाही. दुसऱ्याच्या कथेवर लिहायला बसलो की "छान, आवडली, शेवट अजून चांगला करता आला असता" एवढंच सुचतं. क्रिटीकमध्ये लिहायचं तरी काय?

उत्तर: शास्त्र लागतच नाही हो. तुम्ही पंच नाही आहात, तुम्ही वाचक आहात, आणि लेखकाला जे अजिबात मिळत नाही ते तुमच्याकडे आहे, ते म्हणजे पहिल्यांदा वाचतानाचा अनुभव. लेखकाने ती कथा इतक्यांदा वाचलेली असते की कागदावर काय आहे आणि डोक्यात काय आहे यातला फरकच त्याला दिसेनासा झालेला असतो. त्यामुळे वाचताना तुमचं काय झालं ते जागा दाखवून सांगायचं, मूळ काम एवढंच.

म्हणजे कसं, "पात्रं नीट उभी राहत नाहीत" असं लिहिलंत तर लेखकाच्या हातात काहीच पडत नाही. त्यापेक्षा "दुसऱ्या पानावर ‘तो उठला आणि गेला’ असं आहे, तिथे तो म्हणजे भाऊ की नवरा ते कळायला मला मागे जावं लागलं", किंवा "पत्राचा प्रसंग सुरू झाला तिथून मी भराभर वाचत गेलो, पत्रात काय असणार ते मला आधीच कळलं होतं", किंवा "आजी वारल्याचं सुरुवातीला आलंय आणि मधेच ती खिडकी लाव म्हणते, ही आठवण आहे का? मला ते आत्ता घडतंय असं वाटलं". हे असं लिहिलंत की लेखकाला जागा सापडते. आवडलं तेही तसंच सांगा. नुसतं "संवाद छान" नको, "ती काहीच न बोलता पाकीट परत देते तिथे मला एकदम तिचा राग समजला" हे सांगा. नाहीतर लेखक पुढच्या ड्राफ्टमध्ये नेमकी तीच ओळ उडवतो, आणि उडवतातच, कारण ती चांगली आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

एक सोपी पद्धत सांगते. पहिल्यांदा वाचताना मध्ये न थांबता वाचा, फक्त जिथे लक्ष उडालं, गोंधळ झाला किंवा मजा आली तिथे खूण करा. संपल्यावर लगेच दोन-तीन वाक्यांत कथा काय आहे ते आपल्या शब्दांत लिहून काढा. हे लेखकाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण त्याला वाटत असतं आपण बापलेकीची गोष्ट लिहिलीये आणि तुम्ही लिहिता की ही घर विकण्याची गोष्ट आहे. मग दुसऱ्यांदा वाचून खुणा का केल्या होत्या ते लिहा.

काय करायचं नाही तेही सांगते. कथा आपल्या मनासारखी लिहून देऊ नका. "मी असतो तर शेवटी तिला परत आणलं असतं" हे तुमच्या कथेत आणा की. उपाय सुचवायचाच असेल तर एका ओळीत सुचवा आणि सोडून द्या. भयकथा आवडत नसेल तर भयकथेवर लिहूच नका, नाहीतर निम्मं क्रिटीक त्या प्रकाराबद्दलच्या नाराजीचं होतं.

आणि ते ऱ्हस्व-दीर्घ! मराठी ग्रुपांमध्ये क्रिटीक म्हणजे वेलांट्या-उकार तपासणं असा काहींचा पक्का समज आहे. लेखकाने मागितलं असेल तर जरूर करा, पण पहिल्या ड्राफ्टवर तो वेळ वायाच जातो, कारण तो अख्खा परिच्छेदच कदाचित उडणार असतो. त्याहून वाईट म्हणजे पात्राच्या तोंडचं "आनि" आणि "पानी" दुरुस्त करणारे. अहो, ते पात्र तसंच बोलतं! बोलीतले शब्द वाचताना खरंच अडलात तर तसं सांगा, लेखकाला ते कळायला हवं, पण प्रमाण मराठीत आणून ठेवू नका.

प्रश्न: माझ्या कथेवर एकाने लांबलचक टीका केली. त्याने कथा नीट वाचलेलीच नव्हती, म्हणून मी मुद्द्याला मुद्दा उत्तर दिलं. त्यावर त्याने उत्तर दिलं, मग बाकीचे पडले मध्ये, आणि आता ग्रुपवर मला "सेन्सिटिव्ह" म्हणतात. स्वतःच्या कथेची बाजू मांडायची नाही का?

उत्तर: क्रिटीकखाली नाही मांडायची. तुमचं बरोबर असेलही, पण कथा छापून आली की प्रत्येक वाचकाशेजारी बसून "अहो, तसं नाहीये ते" असं सांगायला तुम्ही नसणार आहात. तुमचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलं नाही एवढी माहिती त्याच्याकडून मिळाली, ती ठेवा. त्याने खरोखर वरवर वाचलं असेल तर बाकीच्यांच्या क्रिटीकमधून ते आपोआप दिसतंच.

लेखकाने गप्प बसायचं हा नियम जुना आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत मिलफर्ड गावी सायन्स फिक्शनवाले लेखक एकमेकांची हस्तलिखितं वाचायला जमायला लागले, त्यावरून या पद्धतीला मिलफर्ड पद्धत म्हणतात. गोल करून बसायचं, एकेकाने आपलं मत सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही, लेखकाने तर नाहीच, आणि सगळ्यांचं झालं की मग लेखकाची पाळी. १९६८ ला सुरू झालेल्या, सायन्स फिक्शन-फँटसी लिहायला शिकवणाऱ्या क्लॅरियन वर्कशॉपनेही हीच पद्धत घेतली आणि पुढे ती बऱ्याच ठिकाणी गेली.

आता मला विचाराल तर ही पद्धत सगळ्यांना मानवते असं नाही. लेखकाला पार मुका केला की ग्रुप भलत्याच गोष्टीवर तासभर बोलत बसतो, आणि ज्याच्या कथेतलं जग बाकीच्यांना ओळखीचं नाही त्याला तर हे फारच जाचक होतं, लिहायला शिकवणाऱ्या लोकांनीही अलीकडे असे आक्षेप घेतलेत. लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये वेगळी पद्धत बसवली, ती लिखाणालाही छान चालते. आधी लोक फक्त एवढंच सांगतात की त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं. मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो. मग लोक त्याला प्रश्न विचारतात, पण प्रश्नाच्या आडून आपलं मत सांगायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी मत, तेसुद्धा "अमुक गोष्टीबद्दल मला एक मत आहे, ऐकायचंय का?" असं विचारून, आणि कलाकार नको म्हणू शकतो.

यातलं दुसरं पाऊल तर तुम्ही उद्यापासून उचलू शकता. कथा टाकतानाच वर दोन-तीन प्रश्न लिहा. "कशी वाटली" हा प्रश्न नको, "बहिणीचं खोटं तुम्हाला कुठे कळलं?", "मधला दवाखान्याचा भाग लांबला का?" असे. लोक तिकडे लक्ष देतात आणि निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत.

क्रिटीक आल्यावर "वाचल्याबद्दल थँक्यू" एवढंच लिहा आणि दोन दिवस ते उघडू नका. नंतर काही कळलं नसेल तर विचारा, पण खरंच विचारा, प्रश्नचिन्ह लावून भांडू नका. मग सगळी क्रिटीकं शेजारी ठेवून बघा, तिघं जण एकाच जागी अडखळले असतील तर तिथे काहीतरी आहे, मग तिघांनी तीन वेगळी कारणं दिली असली तरी. कारणं चुकीची असू शकतात, औषध तर बहुतेकदा चुकीचंच असतं, आणि कित्येकदा गडबड त्या जागेच्या बरीच आधी झालेली असते. शेवट पटला नाही असं सगळे म्हणतात आणि दुरुस्ती करायची असते पहिल्या पानात.

आणि "सेन्सिटिव्ह"चं म्हणाल तर पुढच्या दोन-तीन कथांवर चांगलं क्रिटीक लिहा, लोक विसरतात.

प्रश्न: कथा ग्रुपवर टाकली आणि कुणी चोरली तर?

उत्तर: चोरीची भीती सगळ्यांना असते, होते क्वचित. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांमध्ये, आणि जवळजवळ सगळे देश त्यात आहेत, लिहिल्याबरोबर कॉपीराइट तुमचाच असतो, रजिस्टर करावा लागत नाही. पण तो तुम्ही लिहिलेल्या शब्दांवर असतो, कल्पनेवर नाही. "दोन भाऊ एका मुलीच्या प्रेमात" यावर कुणाचाच हक्क नाही. तारखेसकट आपले ड्राफ्ट जपून ठेवा, झालं.

खरा धोका वेगळाच आहे आणि तो कुणी विचारत नाही. बरीच मासिकं आणि स्पर्धा "पूर्वी कुठेही प्रसिद्ध न झालेलं" साहित्य मागतात, आणि कुणालाही उघडून वाचता येईल अशा ठिकाणी टाकलेली कथा अनेक संपादक प्रसिद्ध झालेलीच धरतात, मग ती वीस जणांनी का वाचली असेना. नंतर डिलीट केली म्हणून ते पुसलं जाईलच असं नाही. म्हणून पासवर्ड लागणारा बंद ग्रुप बघा आणि पाठवायच्या आधी त्या मासिकाचे नियम वाचा.

प्रश्न: माझी कादंबरी आहे. दर आठवड्याला एक प्रकरण टाकतेय पण फीडबॅक विचित्र येतोय. कुणी म्हणतं फार हळू, कुणी म्हणतं हे पात्र कोण, ते तर दुसऱ्या प्रकरणातच येऊन गेलंय.

उत्तर: आठवड्याला एक तुकडा वाचणारा माणूस मधल्या काळात अजून पाच जणांच्या कथा वाचतो, तो विसरणारच. शिवाय तुकड्यातुकड्याने वाचणारा प्रत्येक प्रकरणाला कथेसारखं तोलतो, त्यामुळे शांत प्रकरण त्याला नेहमीच हळू वाटतं. तेव्हा वेगाबद्दलची मतं फार मनावर घेऊ नका. वाक्यं, संवाद, एखादा प्रसंग याबद्दलची मतं मात्र घ्या, ती अशीही चांगलीच मिळतात. प्रत्येक प्रकरणावर चार ओळींचं "आतापर्यंत" लिहीत जा.

आणि अख्खं हस्तलिखित सलग वाचणारे दोन-तीन बीटा रीडर शोधा. क्रिटर्सवर तर कादंबरीसाठी असे खास वाचक मागायची वेगळी सोय आहे. हे वाचक तुम्हाला ग्रुपमध्येच भेटतील, ज्यांचं क्रिटीक वाचून "याला कळलं" असं वाटतं त्यांना खाजगीत विचारा, आणि त्यांचंही तेवढंच वाचायची तयारी ठेवा. मात्र पहिली तीन प्रकरणं वर्षभर घासत बसून पुन्हा पुन्हा टाकू नका, कादंबरी आधी पूर्ण करा.

प्रश्न: वेळ मिळत नाही म्हणून दुसऱ्याची कथा एआयला देऊन क्रिटीक लिहून घेतलं तर चालेल का?

उत्तर: नाही. ती कथा तुमची नाही, कुठे टाकायची ते तुम्ही ठरवू शकत नाही, आणि लेखकाला ते हवंच असतं तर त्याने स्वतः केलं असतं. वेळ नसेल तर छोटी कथा निवडा.

प्रश्न: एकाच कथेचे मी ग्रुपवर कितीतरी ड्राफ्ट टाकलेत. आता सगळे "आता झाली" म्हणतात, पण मला खात्री वाटत नाही. अजून एकदा टाकू?

उत्तर: त्याच लोकांना नको. ज्यांनी आधीचे ड्राफ्ट वाचलेत त्यांना आता कथेत नसलेल्या गोष्टीही माहीत आहेत, त्यामुळे गाळलेल्या जागा ते आपल्या मनानेच भरून वाचतात. त्यांचं "झाली" खरंही असेल, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. जिने आधीचं काहीच वाचलं नाही अशा एकीला द्या, आधी काही सांगू नका, आणि वाचून झाल्यावर फक्त कथा काय आहे ते विचारा. तिने जे सांगितलं ते तुमच्या कथेच्या जवळ असेल तर त्याच आठवड्यात संपादकाकडे पाठवून द्या, आणि ग्रुपवर पुढची टाका.