हमाल लिही, पोरी

प्रिय पोरी,

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. तुझ्या वडिलांच्या, अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत 'हमाल' हा शब्द घालावा का, आणि त्या दिवशी बोलताना उच्चारावा का, असं विचारलंस. काका म्हणतात, 'मार्केट यार्डात कामाला होते' एवढं बस झालं, पुढं तुझ्या लग्नाचं बघायचंय. सोबत चार ओळी पाठवल्यास. कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, सदैव हसतमुख. त्यात मला तुझे अण्णा कुठं दिसले नाहीत. लातुरातल्या कुठल्याही फोटोखाली त्या ओळी खपतील.

हमाल लिही. त्यांचं काम लिही. विशेषणं राहू दे.

तू दहावीला होतीस तेव्हा तुझी परीक्षा फी भरायला ते आले होते. फाटकाबाहेरच थांबले आणि शिपायाकडून मला बोलावणं धाडलं. अंगावर तुरीची धूळ, भुवयासुद्धा पांढुरक्या झालेल्या. सदऱ्याला डाव्या खांद्यावर दुसऱ्याच कापडाचं ठिगळ, बारीक टाक्यांचं. पैसे प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आणलेले, सगळ्या दहा-वीसच्या नोटा. आत चला म्हटलं तर म्हणाले, "नको गुरुजी, अंगाला भुस्सा हाय." ते ठिगळ तुझ्या आईनं किती सदऱ्यांना लावलं, तिला विचार. आणि ते लिही. मग 'कुटुंबवत्सल' लिहायची गरजच पडणार नाही.

आणि लाज कशाची वाटते? १९६९ साली आपल्या राज्यानं या माणसांसाठी कायदा केला. त्याचं नावच 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम' असं आहे. विधिमंडळानं कायद्याच्या नावात घातलेला शब्द पत्रिकेत घालायला तुम्ही घाबरता? ज्या स्थळाला तो शब्द खुपेल, ते स्थळ अण्णांनीच दारातून परत पाठवलं असतं.

मी एवढा चिडून का लिहितोय, तेही सांगतो.

माझे वडील गेले तेव्हा मी नोकरीत नवा होतो. तेराव्याला संस्थेची मोठी माणसं बसली होती. मी उभा राहून बोललो, "वडील प्रगतिशील शेतकरी होते, शिस्तीचे होते, प्रेमळ होते." लोकांनी माना डोलावल्या. रात्री आई चुलीपुढं बसून म्हणाली, "खडी फोडल्यालं का सांगितला नाहीस?"

१९७२ च्या दुष्काळात आमची कोरडवाहू जमीन ओस पडली आणि वडील सरकारी कामावर खडी फोडायला गेले. मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी खाल्ली. कामावर खायला मिळालेली सुकडी, ते पौष्टिक पीठ, स्वतः न खाता धोतराच्या सोग्यात बांधून आमच्यासाठी आणायचे. तिला त्यांच्या घामाचा वास यायचा. ती खाऊन मी वाढलो आणि तेवढंच नेमकं गाळलं. तेव्हा वय लहान होतं, नोकरी कच्ची होती, आमच्या घरात बापाला प्रश्न विचारायची रीतही नव्हती, हे सगळं खरं आहे. पण ते ज्या रस्त्यावर खडी फोडत होते तो रस्ता कोणता, हे मला आजही माहीत नाही. सांगणारं कुणी उरलं नाही. त्या रस्त्यावरून मी एसटीनं शेकडो वेळा गेलोही असेन.

तुला सांगणारे अजून आहेत. तेव्हा काम लिही.

सोमवारी सकाळी यार्डात जा. सौदा निघायच्या आधीच जा, नंतर कुणाला बोलायला सवड नसते. त्यांच्या टोळीतली माणसं आडतीच्या ओट्यावर बसलेली असतात. त्यांना विचार, तरुणपणी अण्णा क्विंटलचं पोतं एकट्यानं उचलायचे का, पन्नास किलोचे कट्टे आले तेव्हा काय म्हणाले, पोत्यांच्या थप्पीच्या शेवटच्या थराला फळीवरून चढताना कुठला पाय आधी टाकायचे. सोयाबीनच्या सीझनला घरी किती वाजता यायचे, ते तुला माहीतच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी, दिवसभर पोती वाहून आल्यावर रात्री घागरी घेऊन टँकरच्या रांगेत कोण उभं राहायचं, तेही तुला माहीत आहे. तूच मला सांगितलं होतंस. मग चार ओळींत ते का नाही?

काकांना माझा फोन लावून दे, मी बोलतो. ते रागावले तर माझ्यावर रागावू देत.

अण्णांचा पोती उचलायचा हूक अजून दाराच्या मागं खिळ्याला असेल. लाकडी मूठ एका बाजूनं झिजलेली आहे का बघ, आणि मला कळव. पत्रिका छापायला टाकण्याआधी मजकूर घेऊन ये. विशेषणं दिसली तर मी खोडणार आहे.

तुझे,
गुरुजी